विचाराधीनबाईंचे पहिले ‘होय’

२९ फेब्रुवारी २००० या दिवशी मंगळवार होता. त्या वर्षाचे कोणतेही कॅलेंडर उघडून हे पडताळता येते आणि वाचकाने ते जरूर पडताळावे. कारण या हकिकतीतल्या सर्वांत काटेकोर माणसाच्या मते त्या मंगळवारी १ मार्च होता. त्याने तशी नोंद जावक नोंदवहीत केली होती, शाईने, आणि तीन पत्रांवर शिक्काही मारला होता.

पण हकिकत त्याची नाही. ती त्याच्या विहीणबाईंची आहे.

या बाई शिक्षण विभागाच्या तुलना शाखेत वरिष्ठ लिपिक होत्या. शाखा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली: दोन टेबले, एक फॅक्सयंत्र, तीन पायांवर आणि एका जुन्या शब्दकोशावर उभे असलेले कपाट. शाखेचे वर्षभराचे काम एकच. धोरण तुलना मंडळ नावाची एक संस्था दरवर्षी सतरा राज्यांकडे १४३ प्रश्नांचे प्रपत्र पाठवी. राज्याला शाळेच्या घंटेविषयी धोरण आहे काय? उंच मुलांच्या बाकांविषयी आहे काय? गृहपाठाच्या वजनाविषयी? उत्तरे तीनच चालत. ‘होय’ला एक गुण, पण सोबत पुराव्याचा पृष्ठक्रमांक हवा. ‘नाही’ला शून्य. आणि ‘विचाराधीन’ला अर्धा.

मंडळ शाळा पाहत नसे, मुले पाहत नसे. ते उत्तरे मोजून राज्यांना अ, ब, क, ड असे दर्जे देई आणि मे महिन्यात क्रमवारी छापी.

१९८१ साली, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, बाईंना जो शोध लागला त्यावर पुढची एकोणीस वर्षे निघाली. त्यांच्या लक्षात आले की १४३ पैकी १४३ उत्तरे ‘विचाराधीन’ लिहिली तर साडेएकाहत्तर गुण होतात, दर्जा ‘क’ मिळतो आणि पुरावा एकाचाही द्यावा लागत नाही. कारण विचार कोणत्या पानावर आहे हे कोणी विचारत नाही. बाकीची राज्ये वर जात, खाली येत, पत्रकार परिषदा घेत. हे राज्य मात्र एकोणीस वर्षे सतरांत नववे राहिले. सगळी प्रपत्रे उपलब्ध आहेत. १९८८च्या प्रपत्रात प्रश्न ६४ ला ‘होय’ असे उत्तर दिसते, पण त्यावर काट मारून शेजारी ‘चुकून’ असे लिहिले आहे.

शाखाधिकारी या पद्धतीवर खूश होते. ते म्हणत, “नाही लिहिलं की मंत्री विचारतात, का नाही? होय लिहिलं की मंडळ विचारतं, कुठे आहे? बाईंच्या उत्तराला आजवर कोणी उलट प्रश्न केलेला नाही. असं माणूस शाखेला लाभावं लागतं.”

कचेरीत त्यांना विचाराधीनबाई म्हणत. हा प्रकार घरी गेला नसता तरच नवल. त्यांचे यजमान निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी सांगितलेला एक संवाद असा:

“अगं, दिवाणखान्याला रंग कोणता देऊ या?”

“बघू या. विचाराधीन आहे.”

“रंगारी दारात उभा आहे.”

“मग त्याला बसायला सांगा.”

रंगारी बसला हे यजमानांनी शपथेवर सांगितले. दिवाणखान्याच्या तीन भिंती पिवळ्या आणि एक पांढरी आहे, ही मात्र पाहून केलेली नोंद आहे.

व्याही याच्या अगदी उलट. ते शेजारच्या राज्यात याच पदावर, अशाच खोलीत बसत आणि हेच प्रपत्र भरत. त्यांना सगळे पृष्ठक्रमांक म्हणत. ‘विचाराधीन’ हा शब्द त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता. असेल तर पान दाखवायचे, नसेल तर ‘नाही’ लिहून मोकळे व्हायचे. छापील डायऱ्यांत चुका असतात म्हणून दर डिसेंबरात ते स्वतःची डायरी स्वतः पट्टीने आखत. त्यांचे राज्य ‘ब’ दर्जाचे होते.

बाईंची लेक आणि यांचा मुलगा दवाखान्याच्या प्रशिक्षणात एकमेकांना भेटले आणि १९९२ साली बोलणी झाली. पृष्ठक्रमांकांनी विचारले, “विहीणबाई, मुलगी देताय ना?”

“विचाराधीन आहे.”

“किती तारखेपर्यंत?”

“तारीखही विचाराधीन आहे.”

“मग मी ‘नाही’ असं लिहून घेऊ का?” असे म्हणून त्यांनी खरोखरच पेन उघडले. तेव्हा लेक आतून ओरडली, “होय लिहा! पान मी नंतर देते!” लग्न झाले ते त्यामुळे.

लेक आणि जावई दोन राज्यांच्या सीमेवरच्या दवाखान्यात पाळीने काम करत. तिथल्या वसाहतीत शाळा नव्हती. नात सहा वर्षांची होत आली, तशी शाळेची वेळ आली. बाईंचे गाव बसने एक तास पूर्वेला, व्याह्यांचे एक तास पश्चिमेला. म्हणजे नात आठवड्याचे पाच दिवस एका आजी-आजोबांकडे राहणार आणि दुसऱ्यांच्या वाट्याला अधूनमधून रविवार येणार. ती कुणाकडे राहणार यावर नोव्हेंबर १९९९ मध्ये दोन्ही घरांत जो संवाद झाला, त्याला संवाद म्हणणे हे लेकीच्या चांगुलपणाचे लक्षण आहे.

“आमच्याकडे शाळा घरासमोर आहे,” बाई म्हणाल्या.

“आमच्याकडे शाळेला छप्पर आहे,” व्याही म्हणाले.

“आमच्याही शाळेला छप्पर आहे हो!”

“आहे, की विचाराधीन आहे?”

शेवटी लेक टेबलावर वाटी आपटून म्हणाली, “बास! आई, तूही गप्प आणि मामंजी, तुम्हीही. तुम्ही दोघं आयुष्यभर राज्यांची लायकी ठरवताय ना? मग मे महिन्यात क्रमवारी येईल. ज्याचं राज्य वर, त्याच्याकडे पोर. पुन्हा मला फोन करायचा नाही.”

नातीने इतकेच विचारले, “दोन्हीकडे घंटा आहे का? मला वाजवायला देतील का?”

व्याही म्हणाले, “नाही. घंटा शिपाई वाजवतो.” बाई काय म्हणाल्या असतील ते वाचकाने ओळखलेच असेल.

घरी आल्यावर मात्र बाईंना जेवण गेले नाही. साडेएकाहत्तर गुणांनी पोर मिळणार नव्हती. व्याह्यांच्या राज्याला गेल्या वर्षी शंभर गुण होते.

दुसऱ्या दिवशी, बावीस नोव्हेंबरला, त्या कचेरीच्या तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात उतरल्या. तिथला दप्तरी निवृत्तीला आला होता आणि एकोणीस वर्षांत बाईंना त्याने तिथे पाहिले नव्हते. “बाई, जिना चुकलात का?” त्याने विचारले.

“आपल्या राज्याला धोरणं आहेत का रे बाबा?”

“आहेत ना. पण कुणी मागितली नाहीत कधी.”

धोरणे होती, ढिगाने होती. घंटेचा आवाज किती अंतरावर पोचावा याचे १९५८चे परिपत्रक निघाले. त्यात आवाज मोजण्यासाठी मैदानाच्या टोकाला उभे राहणाऱ्या शिक्षकाने कोणत्या हाताने खूण करायची तेही होते. खडूचे तुकडे किती लहान झाल्यावर टाकावेत याचे निघाले, सोबत प्रत्यक्ष मापाचा एक खडू सुतळीने बांधलेला. शाळेत शिरलेल्या शेळीला कोणी बाहेर काढायचे याची तीन परिपत्रके निघाली. तिसरे पहिल्या दोहोंना रद्द करणारे होते आणि शेळीचा निर्णय मुख्याध्यापकांवर सोपवणारे. बाई तीन महिने तळमजल्यावर होत्या. फेब्रुवारीच्या मध्याला त्यांनी प्रपत्र भरले: एकसष्ट ‘होय’, पानांसकट, आणि उरलेली ब्याऐंशी ‘विचाराधीन’. एकूण गुण १०२.

शाखाधिकाऱ्यांनी प्रपत्र दोनदा उलटसुलट केले. “बाई, घरी सगळं ठीक आहे ना?”

आता मंडळाची एक पद्धत सांगायला हवी. प्रत्येक राज्याचे प्रपत्र शेजारचे राज्य तपासत असे. तपासनिसाने लाल शाईने कारण लिहून उत्तर बदलायचे, प्रपत्र फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी पाचच्या आत मंडळाला परस्पर फॅक्स करायचे आणि एक प्रत शेजाऱ्याला पाठवायची. एकदा पोचलेले प्रपत्र मंडळ बदलू देत नसे. बाईंचे प्रपत्र कुणाकडे गेले असेल आणि बाईंकडे कुणाचे आले असेल, हे सांगण्याची गरज नाही. आपल्या तपासनिसांमध्ये व्याही असू शकतात, ही शक्यता मंडळाने लक्षात घेतलेली दिसत नाही.

सोमवारी, २८ तारखेला दुपारी, व्याह्यांकडून तपासलेल्या प्रपत्राची प्रत आली. एकसष्ट पैकी साठ ‘होय’ त्यांनी पाने पाहून कायम केले होते. फक्त प्रश्न ३१, डावखुऱ्या विद्यार्थ्यांच्या धोरणाचा, लाल झाला होता: ‘पृष्ठ ३१२ पाहिले. परिपत्रक डावखुऱ्या शिक्षकांबद्दल आहे. उत्तर बाकीच्या ब्याऐंशींप्रमाणे करावे.’ गुण साडेएकशेएक. बाईंनी दणादण टेबल वाजवले, पण मग व्याह्यांचे प्रपत्र ओढून बेरीज केली. एकशेएक ‘होय’, बेचाळीस ‘नाही’. गुण १०१.

अर्ध्या गुणाने बाई वर होत्या.

व्याह्यांच्या प्रपत्रात चूक शोधण्यासाठी त्यांची एकशेएक पाने पाहून झाली होती. एकही चुकीचे निघाले नव्हते, आणि त्यांना आता त्याचे दुःखही नव्हते. मंगळवारी सकाळी फक्त फॅक्सचे बटण दाबायचे होते. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

“आई, एक विचारायचं होतं. दाखल्याला आई-बापाचा पत्ता त्याच राज्यातला लागतो म्हणे. आमचा पत्ता धड इकडे नाही, धड तिकडे नाही. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांना घेतात का तुमच्याकडे?”

“विचाराधीन आहे,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवून प्रपत्र पुन्हा उघडले.

प्रश्न क्रमांक ८७ हाच होता: आजी-आजोबांकडे राहून शिकणाऱ्या मुलांच्या प्रवेशाचे धोरण आहे काय? व्याह्यांनी स्वच्छ ‘नाही’ लिहिले होते. बाईंनी एकोणीस वर्षे लिहिले होते तेच लिहिले होते. म्हणजे क्रमवारीत कोणीही वर आले असते तरी पोरीला शाळेच्या दारातून परत पाठवले गेले असते.

बाई जिना उतरल्या. “आजी-आजोबांची फाइल आहे का रे?”

दप्तऱ्याला ती लगेच सापडली. पातळ होती. आत १९८१च्या जूनमधले एक परिपत्रक होते, पूर्ण टंकलेले. फक्त सही आणि क्रमांक बाकी. त्याच्यावर तेव्हाच्या शाखाधिकाऱ्यांची टिपणी होती: ‘मसुदा योग्य आहे. तुलना शाखेचा अभिप्राय आला की निर्गमित करावा.’ आणि त्याखाली, नव्या नोकरीतल्या सुबक अक्षरात, तुलना शाखेचा अभिप्राय होता.

‘विचाराधीन.’

“अक्षर ओळखीचं वाटतं,” दप्तरी म्हणाला.

“तू गप्प बस.”

ती फाइल पाहायला मिळते. जुन्या अभिप्रायावर काट नाही. त्याच्याखाली २९ फेब्रुवारी २००० अशी तारीख घालून एकच शब्द लिहिला आहे, ‘होय’, आणि त्याच्या शेवटी शाईचा ठिपका इतका मोठा आहे की पेन तिथे काही काळ थांबले असावे. शाखाधिकारी चहासाठी उठत होते. बाईंनी त्यांना खुर्चीत परत बसवून सही घेतली. साडेदहाला परिपत्रकाला क्रमांक मिळाला.

इथे एक पुरावा महत्त्वाचा आहे. फाइलच्या पाठीवर पेन्सिलीने तीन आकडे लिहिले आहेत: १०१॥, १०१, आणि थोड्या अंतरावर १०२. पहिला बाईंचा, दुसरा व्याह्यांचा. तिसरा व्याह्यांचा होईल तो, जर त्यांचे सत्त्याऐंशीचे ‘नाही’ ‘होय’ झाले तर. बाईंचे प्रपत्र मंडळाकडे पोचले होते. त्यांच्या नव्या ‘होय’चा अर्धा गुण त्यांना मिळणार नव्हता. हे सगळे कळत असताना पावणेअकराला त्यांनी व्याह्यांना फोन लावला. का, याबद्दल दोन जबान्या आहेत. लेक म्हणते, आईला राहवले नाही. यजमान म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा अभिप्राय म्हणून ‘होय’ लिहिले होते, ते कुणाला तरी सांगायचे होते.

“व्याहीबुवा, आज आम्ही एक ‘होय’ लिहिलं.”

“पुरावा?”

“फॅक्स करते. आजी-आजोबांचं. तुमच्याकडेही आजच काढून घ्या, मी लाल शाईनं ‘होय’ करते.”

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज झाला. “विहीणबाई, फार चांगलं केलंत. आमच्याकडे दरवर्षी चाळीसेक पोरं परत जातात. पण उशीर झाला. फेब्रुवारी संपला.”

“संपला? आज एकोणतीस आहे.”

“एक मार्च आहे. शतकी वर्षाला एकोणतीस नसते. १९००ला नव्हती.”

“चारशेनं भाग जातो हो दोन हजारला! म्हणून असते!”

“माझ्या डायरीत नाही.”

“तुमची डायरी तुम्हीच आखलीय ना? टेबलावर वर्तमानपत्र आहे का? पहिलं पान बघा. पृष्ठ एक, वरची ओळ.”

बाईंच्या सांगण्याप्रमाणे यानंतर फोनवर आधी वर्तमानपत्र उलगडल्याचा आणि मग डायरी मिटल्याचा आवाज आला. व्याह्यांच्या जावक नोंदवहीत त्या दिवशीच्या पहिल्या तीन नोंदी ‘१ मार्च’ अशा आहेत, चौथीपासून ‘२९ फेब्रुवारी’. तारीख मागे गेलेली ती एकमेव नोंदवही असावी.

दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी व्याह्यांच्या राज्याचे परिपत्रक फॅक्सने आले: सही, शिक्का, क्रमांक. वेळ नव्हता म्हणून त्यांनी बाईंच्याच परिपत्रकाचा मजकूर जसाच्या तसा टंकून घेतला होता. बाईंनी प्रश्न ८७ पुढे लाल शाईने ‘होय, पृष्ठ १’ लिहिले आणि पाचला सात मिनिटे कमी असताना प्रपत्र मंडळाला गेले.

मे महिन्यात क्रमवारी छापून आली. व्याह्यांचे राज्य १०२ गुणांसह सहावे. बाईंचे राज्य साडेएकशेएक गुणांसह सातवे, दर्जा ‘ब’. मंत्र्यांनी पत्रकार परिषद घेतली आणि तीत शेळीचा उल्लेख केला. बाई त्या दिवशी रजेवर होत्या आणि नातीसाठी आणून ठेवलेले छोटे टेबल पुसून पलंगाखाली सरकवत होत्या.

“हरलीस का गं आजी?” नातीने फोनवर विचारले.

“अर्ध्यानं,” बाई म्हणाल्या.

जूनमध्ये नातीला शाळेत घालायला दोन्हीकडची माणसे गेली. बाईंनी दप्तर उचलले होते आणि कोणालाही देत नव्हत्या. व्याह्यांच्या घराजवळची ती शाळा खरोखरच चांगली होती; छप्पर होते. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून परिपत्रक सावकाश वाचले, मग पुन्हा वाचले.

“परिपत्रकानुसार मुलीला प्रवेश द्यायलाच हवा,” त्या म्हणाल्या. “फक्त इथे नाही.”

“म्हणजे?” लेकीने विचारले.

“यात लिहिलंय, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांना शेजारच्या राज्यातल्या शाळांनी प्रवेश द्यावा. आमच्या राज्याचं नावच नाही यात.”

“कुठे?” पृष्ठक्रमांक म्हणाले.

“पृष्ठ एक, तिसरी ओळ.”

मजकूर उतरवताना बाईंच्या राज्याचे नाव तसेच राहून गेले होते. व्याह्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “लिहिलंय तसंच करावं लागेल.”

“अहो, पण चूक आहे ही!” जावई म्हणाले. “बाबा, दुरुस्ती काढा ना. किती दिवस लागतील?”

व्याह्यांनी एकदा विहीणबाईंकडे पाहिले, एकदा त्यांच्या हातातल्या दप्तराकडे. मग घसा साफ करून, स्वतःच्या उत्तरात आयुष्यात न वापरलेला शब्द त्यांनी जपून उच्चारला.

“विचाराधीन आहे.”

नात त्याच दिवशी दुपारच्या बसने पूर्वेला गेली. दुरुस्तीपत्रक आठव्या दिवशी निघाले आणि व्याह्यांच्या राज्यातली त्या वर्षीची इतर अडतीस मुले त्यावर शाळेत बसली. पण तोवर नातीचे बाईंच्या घरासमोरच्या शाळेत नाव लागले होते आणि तिसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीची घंटा ती वाजवत होती. १९५८च्या परिपत्रकात त्याला मनाई नाही. पडताळून पाहिले आहे. व्याही दर रविवारी सकाळच्या पहिल्या बसने येतात आणि पोरीच्या वहीतल्या पानांना क्रमांक घालतात.

एक गोष्ट मात्र कागदांवरून सिद्ध होत नाही. ज्याने पान ३१२ वरचा डावखुरा शिक्षक पकडला, त्याच्या नजरेतून स्वतःच्या परिपत्रकाची तिसरी ओळ सुटली, की त्याने ती राहू दिली? तीच ओळ त्या दिवशी पाचला वीस मिनिटे कमी असताना बाईंच्या हातात होती; त्यांनी ती वाचली की नाही? बाई म्हणतात, फॅक्स फिकट होता. फाइलमधली प्रत ठळक आहे, पण ती नंतरची असू शकते. व्याह्यांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिले, आणि त्याचा पृष्ठक्रमांक दिला नाही.